दहा जणांचा दाजी

वाचकांचे प्रश्न, डॉक्टर काकूंची उत्तरं

या वेळच्या टपालात म्हाताऱ्या कुत्र्यांची तीन पत्रं निघाली. कुठलं पिल्लू घेऊ, असं विचारणारे मला नेहमी भेटतात. म्हाताऱ्या कुत्र्याला घरी आणू का, असं विचारणारे सगळ्या प्रॅक्टिसमध्ये मोजके भेटले. त्यामुळे बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीत, त्या वाचकांची क्षमा न मागता.

डॉक्टर काकू, सप्रेम नमस्कार. मी इंदूरला अन्नपूर्णा भागात राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघते. वय ३६. आमच्या ऑफिसातले आम्ही दहाजण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सिरपूर तलावावर श्रमदानाला जातो. जलपर्णी ओढायची, काठावरचं प्लास्टिक वेचायचं, मग पोहे-जिलबी खाऊन घरी. पावसाळा सरल्यापासून तिथे एक म्हातारा कुत्रा आमच्याजवळ येऊन बसतो. तोंड पांढरंफटक, डोळे निळसर, मागचे पाय आखडलेले. गळ्याभोवती केस झिजून कडं पडलंय, म्हणजे पट्टा असणार. आम्ही पिशवीला हात लावला की न सांगता खाली बसतो. त्याचं नाव आम्ही दाजी ठेवलं. आता मधल्या दिवसांतही पाळी लावून कुणी ना कुणी त्याला खायला घालून येतं.

त्याच्यावरून ऑफिसात तट पडलेत. काहीजण म्हणतात, पार्किंगमध्ये ठेवू. काही म्हणतात, संस्थेत देऊ. मला त्याला घरी आणायचंय, तर दोघीजणी रुसल्यात की सगळ्यांचा दाजी तू एकटीच कशी नेणार? घरी ह्यांची हरकत नाही. ८ वर्षांची लेक आत्तापासूनच नाचतेय. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "घरात एक म्हातारं आहे, ते पुरे नाही का?" आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, पण सोसायटीत कुरकुर सुरू झालीय. आणि खरी भीती ही की वर्ष-दोन वर्षांत तो गेला तर लेकीचं काय? आणू का त्याला?
— तुमच्या मुलीच्या वयाची एक वाचक

उत्तर: अगं, आण. फक्त येत्या शनिवारी पोहे खाऊन झाल्यावर गाडीत घालून आणू नकोस. त्याआधी दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

आधी तुमच्या दहा जणांचं बोलते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, दाजीला तर दहा घरं आहेत. पूर्वी माझ्याकडे एका कारखान्याच्या गेटवरची कुत्री आणली होती. चाळीसेक कामगारांची लाडकी. डब्यातली पोळी तिला दिल्याशिवाय कुणी जेवत नसे. टेम्पोतून उतरवली तेव्हा पोट फुगलेलं, हिरड्या पांढुरक्या. गर्भाशयात पू झाला होता. माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत वयस्क माद्यांना हे होतं, आणि त्याची पहिली खूण असते, कुत्री एकाएकी खूप पाणी प्यायला लागते. मी विचारलं, पाणी कधीपासून जास्त पितेय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सकाळपाळीने सकाळचं पाहिलं होतं, रात्रपाळीने रात्रीचं. ऑपरेशन केलं, पण ती वाचली नाही. ती माणसं रडत होती गं, मनापासून रडत होती. प्रेम कमी पडलं नव्हतं. कालच्या तिला आणि आजच्या तिला एकाच माणसाने पाहिलेलं नव्हतं.

म्हाताऱ्या जनावराचं दुखणं असंच कळतं. काल जिना चढला होता, आज पायरीशी थबकला. काल वाटी चाटूनपुसून साफ, आज निम्मी शिल्लक. हे रोज बघणारं एक माणूस लागतं. म्हणून पार्किंगची कल्पना सोडून द्या. तिथे तो पुन्हा सगळ्यांचाच राहील, आणि रविवारी व सणासुदीला कुणाचाच नसेल. संस्था वाईट असतात असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक ठिकाणी जागा कमी आणि जखमी जनावरं जास्त. चालत्या-फिरत्या म्हाताऱ्याला तिथे पाठवण्याआधी एक घर मिळत असेल तर घरच बरं.

दुसरं थोडं कडू आहे. तलावावर त्याला रोज खायला घालणं आता आवरतं घ्या. मी जन्मभर कुत्र्यांची डॉक्टर, तरी सांगते. सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत आहे, म्हणजे जगाने मान्य केलेली पाणथळ जागा. एका कुत्र्यासाठी टाकलेला भात दुसऱ्या दिवशी पाच कुत्री बोलावतो. टिटवी झाडावर घरटं करत नाही. उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मधे अंडी घालते, आणि मार्चपासून तिचे दिवस सुरू होतात. तुम्ही पाखरांसाठी जलपर्णी ओढता आणि त्याच काठावर कुत्र्यांची पंगत बसवता, हे बरोबर नाही. दाजीला न्यायचं ठरलं की तिथला भात आपोआप थांबेल. तोवर त्याला काठापासून लांब, रस्त्याच्या बाजूला नेऊन खाऊ घाला आणि उरलेलं उचलून आणा.

आणि जलपर्णीचं निघालंच आहे तर, ओढलेली जलपर्णी काठाला ढीग करून सोडू नका. पहिल्या पावसात ती परत पाण्यात जाते, नाहीतर तिथेच कुजते. पाण्यापासून लांब टाकून वाळवायची. हवा मानवली तर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून महिन्यातून एकदा जाणाऱ्यांनी अख्ख्या तलावामागे न लागता काठाचा एक तुकडा आपला म्हणून धरावा आणि दर वेळी तोच करावा. हातात रबरी मोजे, पायात गमबूट हवेतच. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत्र मिसळलं की त्यातून लेप्टोचा ताप येतो. तो माणसांनाही होतो, कुत्र्यांनाही.

आता दाजी. पट्ट्याचं कडं आहे, सांगितल्याशिवाय बसतो, म्हणजे तो घरातला आहे. हरवला असेल किंवा सोडून दिला असेल. आधी हरवला असं धरून चाला. चहाच्या टपरीवर, चौकीदाराला, आसपासच्या कॉलन्यांमध्ये विचारा, फोटो लावा. डॉक्टरांकडे कातडीखालची ओळखीची चिप वाचायचं यंत्र असेल तर मानेवरून फिरवून घ्या. आपल्याकडे चिप बसवलेली कुत्री कमी, पण बघायला काही लागत नाही. दोन आठवडे वाट बघ. कुणी आलं तर त्याचा जुना फोटो मागायला संकोच करू नकोस. कुणीच आलं नाही तर सोडून दिला असं समज. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरी सोडणाऱ्याचा शोध घेण्यात तुझी शक्ती घालवू नकोस. ती दाजीला लागणार आहे.

याच दोन आठवड्यांत तपासण्या उरकून घे. जवळच्या डॉक्टरांकडे ने, किंवा महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात. मी तिथेच शिकले. रक्ताची तपासणी, मूत्रपिंड आणि यकृत, गोचीडतापाची चाचणी, लघवी, शी. गवतात राहिलेल्या कुत्र्याला गोचीड असणारच. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बघा. नखाने चिरडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रेबीजची लस आणि लेप्टो असलेली एकत्र लस घ्या. दात बघून डॉक्टर वय सांगतील, पण तो अंदाज असतो. पिल्लाचं वय दातावरून चोख कळतं, म्हाताऱ्याचं कळत नाही.

निळसर डोळ्यांना लगेच मोतीबिंदू म्हणू नकोस. वय झालं की भिंग घट्ट होतं आणि डोळा धुरकट निळा दिसायला लागतो, पण त्याला दिसत असतं. मोतीबिंदू दुधासारखा पांढरा दिसतो. घरच्या घरी बघायचं तर त्याच्यासमोर उंचावरून कापसाचा बोळा सोड. बोळ्याचा आवाज होत नाही, वासही येत नाही. नजर त्याच्यामागे खाली गेली तर त्याला दिसतंय. कानासाठी पाठीमागून किल्ल्या वाजव. ऐकू कमी येत असेल तर त्याला झोपेतून हात लावून उठवायचं नाही, लेकीलाही हे नीट सांगून ठेव. पाय आपटायचा, जमिनीतून त्याला कळतं.

यापुढचं मी माझ्या अनुभवातून सांगते. महूच्या छावणीतल्या एका कुटुंबाची लांब बदली झाली आणि त्यांचा ९ वर्षांचा लॅब्राडॉर माझ्याकडे आला. त्याचं नाव सुभेदार. रामबागेतल्या आमच्या घरी आला त्याच संध्याकाळी मी त्याला आंघोळ घालायला घेतली. अंगाला वास होता, आणि मी डॉक्टर, मला कुत्र्याची भीती नाही. मागचा पाय उचलून टबात ठेवायला गेले आणि तो माझ्या मनगटावर गुरगुरला. दात लागले नाहीत. मी थांबले, त्याच्या खुब्यावर हलकेच हात ठेवला, तर आतलं सगळं ताठ. किती दिवस दुखत होतं त्याला, आणि जे माझ्या हातांना आधी कळायला हवं होतं ते मी त्याच्या गुरगुरण्यातून शिकले. तीन दिवस तो दाराशी तोंड करून पडून होता. जेवायचा, फिरून यायचा, की पुन्हा दारापाशी. चौथ्या दिवशी दुपारी मी शेंगा सोलत बसले होते. नखांचा टक टक आवाज आला आणि तो माझ्या पाटाशेजारी येऊन धप्पकन बसला. माझ्याकडे बघितलं नाही. नुसता बसला.

म्हणून दाजीला पहिले तीन दिवस काही शिकवू नकोस, आंघोळ घालू नकोस, पाहुणे बोलावू नकोस. ऑफिसातल्या मंडळींनाही नाही. तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे घर समजायचे, तीन महिने आपलं वाटायचे, असा आमच्यात ढोबळ हिशेब असतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. घरात फरशी असणार. आखडलेल्या पायांना फरशी म्हणजे शेवाळ. सुभेदारासाठी मी त्याच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या टाकल्या होत्या, कडा चिकटपट्टीने बसवून. तो त्या वाटेवरूनच चालायचा. पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेव. नखं वाढू देऊ नकोस.

पाणी मोजत जा. सकाळी बाटलीने मोजून भांड्यात घाल, रात्री किती उरलं ते बघ. निरोगी कुत्रा एका किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पितो. १०० च्या वर जायला लागला की डॉक्टर गाठायचा, मग तो मजेत शेपूट हलवत का असेना. दाजी २० किलोचा असेल तर २ लिटर ही हद्द समज. जेवण दोनदा, थोडं थोडं. आपल्या पोह्यांतला कांदा त्याला विष आहे, शिजवलेलासुद्धा. लसूण, मनुका, चॉकलेटही नाही. लाल भोपळा, दहीभात, उकडलेलं अंडं चालेल. मात्र मूत्रपिंडाच्या तपासणीचा निकाल आल्यावरच काय द्यायचं ते पक्कं कर.

आता सासूबाई. तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते त्यांच्यासाठी. "एक म्हातारं पुरे नाही का," हे वाक्य कुत्र्याबद्दल नाही गं. तुम्ही दोघं ऑफिसात, लेक शाळेत, मग सकाळी अकरा वाजता घरात कोण असणार? त्या आणि दाजी. त्याचं करायचं त्यांच्याच अंगावर पडणार हे त्यांना आत्ताच दिसतंय. नवऱ्याकरवी विचारू नकोस. त्यांच्याजवळ बसून तू स्वतः विचार आणि काय काय त्यांना करावं लागणार नाही ते सांग. सकाळ-संध्याकाळचं फिरवणं तुमचं, घाण झाली तर पुसणं तुमचं, दुपारी एखादी बाई येऊन त्याला खाली नेईल. त्याने दिवसभर झोपावं एवढंच त्यांनी बघायचं, आणि म्हातारा कुत्रा झोपतोच. पिल्लासारखा चपला कुरतडत घरभर फिरत नाही.

त्यांच्यासाठी एक गोष्ट मात्र ताबडतोब कर. त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर कुत्र्याचं अंथरूण नको, आणि रात्री तिथे छोटा दिवा जळता राहू दे. अंधारात काळं कुत्रं दिसत नाही. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर दोन्ही म्हाताऱ्यांचे हाल. एवढं ऐकूनही त्या नाही म्हणाल्या तर त्यांचा नकार मान. घर त्यांचंही आहे. मग दाजीसाठी त्या दोघी रुसलेल्यांपैकी एकीचं घर शोध.

सोसायटीचं सोपं आहे. पाळीव कुत्रा ठेवू नका, असा ठराव बहुमतानेही करता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही. पशु कल्याण मंडळाने २०१५ साली हे लेखी सांगितलंय. पण कागद दाखवून शेजारी जिंकले जात नाहीत. महापालिकेची नोंदणी आणि लसीचं कार्ड सोसायटीच्या ऑफिसात आपणहून दे, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धर, खाली पिशवी घेऊन जा आणि दाजीची घाण उचल. या शहराने कचरा वेगळा करायची सवय अंगी लावून घेतली, तिथे एक पिशवी काय जड!

लेकीचं तू विचारलंस त्याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. आपलं देशी कुत्रं नीट सांभाळलं तर १२-१४ वर्षं जगतं. दाजी ९-१० चा असेल तर तीन-चार वर्षं मिळतील, १२ चा असेल तर कमी. सुभेदार माझ्याकडे तीन वर्षं आणि चार महिने होता. तो आणायच्या आधी लेकीला सांग की हा आजोबा कुत्रा आहे, तो आपल्याकडे राहायला येतोय आणि आपल्याकडेच मरणार आहे. लपवू नकोस. माझ्याकडे यायची ती मुलं, ज्यांना कुत्रा गावी पाठवला असं सांगितलेलं असायचं. ती वर्षानुवर्षं गावाकडच्या कुत्र्याची चौकशी करत राहायची. ज्यांना खरं सांगितलं ती रडली, मांडीवर डोकं घेऊन बसली आणि जेवायला गेली.

रुसलेल्या मंडळींना काम दे. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये काढले तरी दहा जणांचे २००० होतात, औषधपाण्याला केवढा आधार! कुणाची गाडी दवाखान्याला, कुणी तुम्ही गावाला गेलात की चार दिवस मुक्कामाला. लसींच्या तारखा एकीने सांभाळायच्या. पहिला महिना सरला की एकेकाने भेटायला यावं, सगळ्यांनी एकदम नाही. श्रमदान चालू ठेवा, दाजी गेला म्हणून शनिवार मोडू नका. पण त्याला तलावावर परत नेऊ नका. पाखरांसाठी नको, आणि त्याच्यासाठी तर मुळीच नको. जिथे त्याला सोडून दिलं त्या जागी पुन्हा गाडीतून उतरवल्यावर त्याला काय वाटेल?

जाता जाता: तुम्ही सगळे भटक्या कुत्र्यांना हात लावता. दात किंवा नख लागलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

काकू, मी विजयनगरला राहतो. ऑफिसच्या मित्रांबरोबर चोरलकडे प्लास्टिक वेचायच्या मोहिमेला गेलो, तेव्हा माझ्या ९ वर्षांच्या लॅब्राडॉरलाही नेलं. सात-आठ किलोमीटर चालणं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या पायाने लंगडतोय. घरातली आपली दुखण्याची गोळी अर्धी दिली, तर थोडं बरं वाटलं. रोज देत राहिलो तर चालेल ना?

उत्तर: नाही. आजपासून बंद. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला बाधतं. उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली किंवा तो खाईनासा झाला तर उद्याची वाट बघू नका, आत्ता निघा. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली आपल्याकडे बंदी आली, कारण ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन या देशातली गिधाडं संपत आली. मी तरुणपणी गावाबाहेर गिधाडांचे थवे पाहिलेत. एक गोळी कुठवर पोचते ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत, ती रक्त तपासूनच देतात.

दहा दिवस त्याला फक्त लघवीपुरतं खाली न्या. मग १०-१५ मिनिटं, दिवसातून दोनदा. बरगड्या हाताला लागत नसतील तर त्याचं वजन उतरवा, पायांना सगळ्यात मोठा दिलासा तोच. मोहिमेवर जरूर जा, त्याला घरी ठेवून.

डॉक्टरीणबाईंना स. न. वि. वि. मी बँकेतून निवृत्त झालेला, वय ६७, लोकमान्यनगरात राहतो. मागच्या वर्षी सौ. गेली. मुलगा पुण्याला. आम्ही बँकेतले जुने सहकारी दर रविवारी देवगुराडियाच्या टेकडीवर लावलेल्या झाडांना पाणी घालायला जातो, तेवढाच आठवड्यातला माणसांत जाण्याचा दिवस. ओळखीच्या एका घरी बाळ झालं म्हणून ते त्यांची ८ वर्षांची पॉमेरियन देणार आहेत. मला ती घ्यावीशी वाटते. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या मागे तिचं कोण करणार? रात्री ती थोडी खोकते असंही कळलं. आपला सल्ला हवा.

उत्तर: नमस्कार. आपल्या मुलाने विचारलं ते योग्यच आहे, त्याचा राग मानू नका. लहान चणीची कुत्री १४-१५ वर्षंही जगतात, म्हणजे आपण सहा-सात वर्षांचं बोलतोय. तिचं कोण करणार याचं उत्तर कागदावर लिहा. टेकडीवरच्या आपल्या मित्रांपैकी एकाचं नाव, त्यांना विचारून, त्यांच्या सहीसह. एक प्रत मुलाला पाठवा, एक फ्रिजवर लावा. आपण दवाखान्यात भरती झालात तरी ती संध्याकाळी उपाशी राहणार नाही, एवढी सोय झाली की मुलाची हरकत बहुतेक मावळेल.

खोकला मात्र आणण्याआधी तपासून घ्या. या जातीत तो श्वासनळीचा असू शकतो, हृदयाचाही. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतील, एक्स-रे काढतील. ती गाढ झोपेत असताना छातीचं वर-खाली होणं एक मिनिट मोजा. ३० च्या वर वारंवार भरलं तर डॉक्टरांना सांगायचं. आपण बँकेतले, रोजची नोंद ठेवणं आपल्याला जड जाणार नाही. गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, छातीवरून घ्यायचा पट्टा मिळतो तो घ्या. दात खराब झालेले असू शकतात, तेही दाखवा. रविवारी टेकडीवर न्यायचं तर हिवाळ्यात, उन्हं चढायच्या आत, आणि चढ आला की उचलून घ्या. चैत्र-वैशाखात तिला घरीच असू द्या, त्या केसांत तिला ऊन सोसणार नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी खिडक्या लावून तिच्याजवळ बसा, आणि तिच्या अंगावर कुणालाही रंग टाकू देऊ नका. ती चाटून सगळा पोटात घेईल.

सौभाग्यवतींच्या जाण्याबद्दल मी काय लिहू? माझ्या घरीही एक खुर्ची रिकामी आहे. सकाळी सहाला कुणीतरी आपल्या उठण्याची वाट बघत असणं, हे मी स्वतः अनुभवलंय, म्हणून आपल्याला घ्या म्हणते.

त्या मंडळींकडून तिचं लसीचं कार्ड, सध्याचं खाणं आणि तिला कुठल्या हाका कळतात ते लिहून घ्या. तिची जुनी गोधडीही मागून आणा. ते धुऊन देतो म्हणतील. न धुता द्या, असं सांगा.